तिसऱ्या खिडकीचा वेग

शाखेत तीन खिडक्या, चौदा खुर्च्या (त्यातल्या दोन डुगडुगणाऱ्या), दोरीने बांधलेली तीन पेनं आणि चार मिनिटं पुढे असलेलं एक घड्याळ होतं. पेनांपैकी एकच उमटत होतं. नोकरीच्या पहिल्या सकाळी मी हे सगळं वहीत लिहून काढलं. पाच वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर हात स्वस्थ बसत नाही.

"पदार्थविज्ञान शिकून बँकेत?" आत्याने घरी विचारलं होतं. "हे म्हणजे दुर्बीण लावून भाजी निवडणं झालं."

"निवडू दे की," आई म्हणाली. "अळी तरी सुटायची नाही."

वही पाहून शाखेचे साहेब खूश झाले आणि लगेच काम दिलं: कोणती खिडकी एका माणसाला किती वेळ घेते ते मोज. मंगळवार ते गुरुवार मी घड्याळ धरून दाराजवळच्या खांबाशी उभी राहिले. पहिली खिडकी चार मिनिटं. दुसरी चार मिनिटं दहा सेकंद. तिसरी नऊ मिनिटं. तीन रंगांत आलेखही काढला.

तिसऱ्या खिडकीत निवांतकाका बसायचे. खरं नाव कुणी घेत नसे. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती.

"झकास!" शुक्रवारी सकाळी साहेब म्हणाले. "सोमवारपासून काका तळघरात. जुने कागद लावायला माणूस हवाच होता."

मी आलेख पटकन वहीत सरकवला. काका मात्र हसले. "शास्त्रज्ञबाई, तळघरात गारवा असतो म्हणे. फक्त तिथल्या फायली 'काका, गुडघा कसाय?' म्हणून विचारत नाहीत." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

दुपारी मी खांब सोडला आणि त्यांच्या खुर्चीमागे स्टूल टाकलं. पावणेदोन तासांत अकरा माणसं आली. त्यातली सात शेजारच्या खिडक्यांनी पाठवलेली होती. कुणाची सही जुळत नव्हती, कुणाचं पासबुक भिजलेलं होतं, एका आजींनी तर अर्जात रकमेच्या जागी जन्मतारीख लिहिली होती.

"ताई, सगळं अवघड तुम्ही इकडेच पाठवता?" मी दुसऱ्या खिडकीतल्या ताईंना विचारलं.

त्या खळखळून हसल्या. "मग! विकतचं दुखणं कोण घेतं?"

मी ओझ्याकडे न बघता हमालांचा वेग मोजला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांनी ही चूक केली असती, तर मीच त्यांना हसले असते.

"साहेब, आलेख चुकलाय."

"म्हणजे आकडे खोटे?"

"आकडे खरे आहेत. प्रश्न चुकीचा विचारला मी. उद्याचा दिवस द्या."

साहेबांनी बदलीचा कागद खणात सरकवला. "उद्या शनिवार, तीनच तास आहेत. काकांची खिडकी बाकीच्यांच्या बरोबरीला आली, तर हा कागद मी स्वतः फाडेन."

शनिवारी मी दारात उभी राहून चिठ्ठ्या वाटल्या: एक, दोन, तीन, पुन्हा एक. ज्या खिडकीची चिठ्ठी, तिथेच काम पुरं व्हायचं. पुढे ढकलायचं नाही.

"मला काकाच हवेत," जन्मतारखेच्या आजी म्हणाल्या.

"आजी, तुमची चिठ्ठी एक नंबरची आहे."

"मग बदल की! तुझ्याच हातात तर आहेत!"

मी बदलली नाही. आजी मला कार्टी म्हणाल्या. पहिल्या खिडकीतले दादा तासाभराने ओरडले, "कुठून आणली हो ही मुलगी!" ताईंनी पाणी मागवलं, दोनदा. आणि तिसऱ्या खिडकीतून काका मान लांब करून विचारत होते, "काय गं, संपली माणसं? पाठव की कुणीतरी!"

एक वाजता दार लागलं. साहेब, दादा, ताई आणि काका माझ्या टेबलाभोवती जमले. साहेबांच्या हातात तो कागद होता. मी वही उघडून वाचलं.

प्रत्येक खिडकीला सत्तावीस माणसं. पहिली खिडकी, सरासरी सहा मिनिटं पाच सेकंद. दुसरी, सहा मिनिटं वीस सेकंद. तिसरी, तीन मिनिटं पन्नास सेकंद.