खाडीतलं गाऱ्हाणं

महिपत एकतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होता आणि एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा आला नाही, असं तो सांगायचा. खरं म्हणजे दोनदा आला होता, पण म्हातारपणी माणसाला एवढी सूट द्यावी. तर असा हा महिपत सोमवारी सकाळी जयगडच्या फेरीबोटीत आपल्या गाडीसमोर उभा होता, आणि गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला वाटीएवढा पोचा होता. पाच मिनिटांपूर्वी तो नव्हता.

गाडी लेकीनं घेऊन दिलेली. शमिका ठाण्याला इस्पितळात नर्स. बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाच तिनं बजावलं होतं, "एक ओरखडा दिसला ना बाबा, तर चावी मी घेऊन जाईन." आणि पोरगी बापावर गेलेली, एकदा बोलली की बोलली. चावी गेली असती तर महिपत एक वेळ घरी बसला असता. पण बायकोचं, तुळसाचं काय? तिची नव्वदीची आई, गंगुबाई, वेळणेश्वरला. दर सोमवारी तुळसा जाऊन तिचं डोकं न्हाऊ घालायची, कारण म्हातारी सुनेला केसांना हात लावू देत नसे. आणि तुळसाच्या गुडघ्यांना आता एसटीची पायरी झेपत नव्हती.

नवरा-बायको वाऱ्याला म्हणून वरच्या मजल्यावर गेली होती, तेवढ्यात हे झालं. गाडीच्या पुढं खुर्च्या भरलेला टेम्पो, बाजूला तीन मोटारसायकली, मागं पर्यटकांची जीप.

"कुणी धडकवली?" महिपतनं विचारलं.

मोटारसायकलवाले पाण्याकडं बघू लागले आणि जीपवाले फोनमध्ये. टेम्पोच्या पाठीवर मालकाचा नंबर रंगवलेला होता. महिपतनं खिशातून चष्मा काढला आणि नंबर वाचायला घेतला. पण नुसत्या संशयावर कुणाच्या मालकाला फोन लावायचा, हे त्याच्या मनाला पटेना. दहा मिनिटांत बोट तवसाळला लागणार, आणि मग कोण कुठला.

"अवो, भांडू नका," तुळसा म्हणाली. "गाऱ्हाणं घाला."

गावच्या देवळात शिमग्याला सगळ्यांच्या वतीनं देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान महिपतच्या घराण्याचा. त्यानं चपला काढल्या, खाडीकडं तोंड करून हात जोडले, आणि देवळातला तो खडा आवाज लावला.

"बा खाडीच्या राखणदारा महाराजा!"

"व्हय महाराजा," मोटारसायकलवाले म्हणाले. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं ऐकून गप्प राहताच येत नाही.

"ही जी काय तुजी लेकरां आज तुज्या पान्यावर आलीत, त्यांची राखन कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आता जीपमधलेही सामील झाले. सगळ्यांत मोठा आवाज टेम्पोपाशी उभ्या असलेल्या माणसाचा होता.

"आनि ज्या कुनाच्या हातून माज्या गाडीला धक्का लागला आसंल, त्याला सांगायची बुद्धी दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा." या वेळी तो मोठा आवाज आला नाही.

महिपतनं ओळखलं. पुढचं वाक्य त्याच्या ओठावर होतं, 'त्याला हितंच उभा कर' असं. पण वळून पाहिलं तर तो चाळिशीचा माणूस खाली मान घालून टेम्पोचं चाक बघत होता. महिपतनं ते वाक्य गिळलं.

"आनि त्याच्या घरादाराचं बरं कर रे महाराजा," त्यानं गाऱ्हाणं आटोपलं.

माणूस पुढं आला. "काका, मी गुरुप्रसाद. माज्याकडनं झालं. हँडब्रेक सैल हाय, म्हणून चाकाला दगड लावतो. आज दगड धक्क्यावरच ऱ्हायला. बोट हलली तसा टेम्पो मागं आला. मी पुढं घेतला आनि गप बसलो. मालकाला कळलं तर चावी काढून घेईल."

चावी. महिपतला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यानं चष्मा काढून खिशात टाकला. मग डिकी उघडली आणि एसटीच्या दिवसांपासून जपलेला चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा त्याच्या हातात दिला.

"ह्यो ठेव. आनि हँडब्रेकाचं मालकाला तूच सांग. तेवढं सांगायलाच लागंल."

तवसाळला उतरल्यावर महिपतनं गाडी कडेला घेतली आणि शमिकाला स्पीकरवर फोन लावला. पोचा पडल्याचं सांगितलं.

"दुसऱ्यानंच केलं असणार," शमिका टोमण्यानं म्हणाली. "बाबा, आपलं काय ठरलं होतं?"

महिपतनं बायकोकडं पाहिलं. शेजारी तुळसा खोबरेल तेलाची बाटली मांडीवर धरून बसली होती. तेवढ्यात पुढं टेम्पो लावून थांबलेला गुरुप्रसाद खिडकीशी आला आणि फोन मागून बोलू लागला. "ताई, चूक माजी. तुमचे बाबा गाडीत नव्हतेच. त्यांची गाडी गिअरात होती, हँडब्रेक वढलेला होता." एवढं बोलून त्यानं फोन परत दिला.

पोरीला ओरडता येत नव्हतं आणि हो म्हणायचं जिवावर आलं होतं, हे बापाला इथं बसून कळलं. त्यानं फोन मांडीवर ठेवला आणि गाडीतच हात जोडले. त्या लेकीच्या पाया पडायलाही आज त्याची ना नव्हती.

"बा माजे लेकी महाराजा," तो हळूच म्हणाला.

"व्हय महाराजा," तुळसा म्हणाली. गुरुप्रसादही म्हणाला.

"तुज्या आवशीला तिच्या आवशीचं डोकं न्हाऊ घालायचं हाय. म्हातारी हाय तवर ही चावी आमच्याकडं ऱ्हाऊ दे गे महाराजा."

फोनमधून वॉर्डातली गडबड ऐकू येत राहिली. मग लहानपणी देवळात बापाच्या मागं उभी राहून म्हणायची तशीच, बारीक आवाजात शमिका म्हणाली, "व्हय महाराजा."