आरशातली शिकवणी

आमच्या वरच्या खोलीत मिशनची मुलगी राहायला आली, ती "आभारी आहे" म्हणतच आली. जिना दाखवला, आभारी आहे. नळ सोडून दाखवला, आभारी आहे. चहा दिला तर कप घेताना एकदा आणि रिकामा परत देताना पुन्हा एकदा. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"अगं ए बाई," मी म्हटलं, "घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का? परकी आहेस का तू?"

तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. घाबरून म्हणाली, "आभारी आहे."

घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का, हे मी तिला पुढे रोजच ऐकवायचे. तो माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

ती दूरच्या देशातून आलेली. आमच्या रस्त्याच्या टोकाला मिशनचं प्रार्थनाघर आहे. तिथे येणाऱ्या लोकांशी बोलायचं, आजारी माणसांना भेटायचं, बायकांना धीर द्यायचा, हे तिचं काम. आणि बोलायला भाषाच नाही! मिशनने तिला शिकवायला एक मास्तर नेमले होते, म्हातारे आणि फार विद्वान. त्यांची शिकवणी संपली की ती खाली येऊन मला विचारायची, "कृपया मला पेयजल प्राप्त होईल काय?" मी म्हणायचे, "पाणी दे म्हण ना सरळ!" मग ती वहीत बघायची, आणि वहीत काही पाणी सापडायचं नाही.

बाहेर तर तिचे हालच. ती "मला" म्हणेपर्यंत भाजीवालीने पिशवीत वांगी भरलेली असायची. वांगी तिला अजिबात आवडत नव्हती, तरी बिचारीने कितीतरी दिवस वांगीच खाल्ली. कोणी तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचं, कोणी तिचं वाक्य तिच्या आधीच पुरं करून टाकायचं आणि चालू लागायचं. दुपारी ती दार लावून बसली की शेजारणी म्हणायच्या, शिष्ट आहे. दार उघडं ठेवलं की त्याच शेजारणी आत जाऊन विचारायच्या, लग्न का नाही केलंस, आईला एकटी टाकून कशी आलीस? त्यातला 'आई' हा शब्द मात्र तिला बरोबर कळायचा.

आता आमच्या घरातलं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पुढे रस्त्यावर आमचं केस कापायचं दुकान, मागे आम्ही राहतो. दुकान ह्यांचं. आणि हे म्हणजे बोलण्याची मशीन. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून तसंच बसलेलं असायचं आणि ह्यांची गोष्ट काही संपायची नाही. रस्त्यावर ह्यांना सगळे रेडिओ म्हणायचे. मी दिवसातून दहादा म्हणायचे, अहो, जरा तोंडाला विश्रांती द्या.

मग अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, पाय सावरला, पण तोंड उजवीकडून खाली ओढलेलं राहिलं. शब्द ओल्या साबणासारखे निसटायचे. डॉक्टर म्हणाले, जितकं बोलाल तितकं सुधारेल. आणि ह्यांनी तोंडाला कुलूप घातलं. माझ्याशी मानेने बोलायचे, आणि कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुकानाचं शटर खाली. मी शिवणयंत्रावर घर रेटत होते, वरची खोलीही म्हणूनच भाड्याने दिली होती. धाकटा दीर सारखा यायचा: वहिनी, दादा काही आता उभा राहत नाही, दुकान कुणाला तरी देऊन टाकू. मी त्याला हाकलून द्यायचे. पण तो गेला की मलाही वाटायचं, ह्याचं खरं निघालं तर? दुकान गेलं असतं तर हे त्या भिंतीकडेच तोंड करून संपले असते, हे मला स्वच्छ दिसत होतं.

एके दिवशी ती मुलगी बाजारातून आली आणि जिन्याच्या पायरीवरच बसून रडायला लागली. पिशवीतून वांगी डोकावत होती. मी मशीन थांबवून उठणार, तेवढ्यात हे आतून बाहेर आले. कठड्याला धरून तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "र...डू... न...को."

आजारपणानंतर परक्या माणसाशी हा पहिला शब्द!

तिने डोळे पुसले. "रडत नाही," म्हणाली. मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. तिला कळलं होतं! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाचं तरी वाक्य पुरतं कळलं होतं. कसं नाही कळणार? सगळा गाव तिच्या कानांवर शब्दांची पोती रिकामी करत होता, आणि हे एकेक शब्द हातात द्यावा तसे देत होते. दुसरी गोष्ट मला नंतर उमगली. ह्यांचं बोलणं बिघडलेलं आहे हे तिला माहीतच नव्हतं. नीट बोलणं कसं असतं हे तरी तिला कुठे ठाऊक होतं? तिच्यासमोर ह्यांना लाज वाटायचं कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची शिकवणी सुरू झाली. अर्धं शटर वर करून दोघं दुकानात बसायची. खुर्चीत ती, गिऱ्हाईक असल्यासारखी, मागे हे उभे. न्हावी माणूस, त्याला आरशातूनच बोलायची सवय. आरशात बोट दाखवून म्हणायचे, "तों...ड बघ माझं." ती बघायची आणि तसंच म्हणायची. फणी. कात्री. पाणी. पाणी नीट आलं त्या दिवशी ती धावत मागे आली आणि "मावशी, पाणी दे!" म्हणाली. मी तांब्याभर दिलं. ती थांबून ऐकायची, हे थांबून ऐकायचे, कोणी कुणाचं वाक्य तोडायचं नाही. मग गिऱ्हाइकांच्या जुन्या गोष्टी निघायला लागल्या. मी मागे मशीन चालवायचे आणि पाय हळू मारायचे, ऐकू यावं म्हणून.

पण ऐकता ऐकताच माझ्या लक्षात आलं, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. पोरीने तोंड बघून बघून ह्यांचं सगळं उचललं होतं! तीच ओढ, तेच मध्ये अडकणं, उजवा ओठ तसाच खाली. डोळे मिटले तर कोण बोलतंय सांगता येऊ नये. आता हे तिला सांगायचं कसं? असं नको बोलू म्हटलं असतं तर ह्यांच्या कानावर गेलंच असतं, आणि कुलूप पुन्हा लागलं असतं. मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती मी, गप्प बसले.

मिशनच्या मोठ्या बाईंनी मग दिवस ठरवला. नव्या माणसाने प्रार्थनाघरात उभं राहून इथल्या भाषेत चार शब्द बोलायचे, अशी त्यांची पद्धत. तिने आम्हाला दोघांना बोलावलं. हे मानेनेच नाही म्हणाले. ती म्हणाली, "का...का, तुम्ही नाही, तर मी... नाही." झालं. हे तोंडाला मफलर गुंडाळून निघाले, आणि प्रार्थनाघरात अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसले.

सगळा रस्ता आला होता. भाजीवाली, शेजारणी, पोस्टातले रिटायर साहेब, माझा दीरसुद्धा. पोरगी उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं.

"मी... इथे आ...ले, तेव्हा..."

उजवा ओठ खाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण हे बोलणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. दुपारी अर्ध्या शटरखालून ते रस्त्यावर सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मग कोणीतरी फिसकन हसलं. मागून एकजण म्हणाला, "अरे, रेडिओ लागला!" आणि सगळीकडे हसू फुटलं.

पोरगी लाल झाली. काय चुकलं ते तिला कळेना, आणि पुढचे शब्दही गेले. मी ह्यांच्याकडे बघितलं. मफलरच्या वरचे कान लालभडक. आपलं बोलणं लोकांना कसं ऐकू येतं ते त्यांना पहिल्यांदा कळलं होतं, तेही भर सभेत, लोकांच्या हसण्यासकट. संपलं, मला वाटलं. आता हे उठतील, दाराबाहेर जातील, आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत.

हे उठले. दाराकडे बघितलं. मग मफलर काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"हस...ता काय?" सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "मी... शिक...वलंय तिला!"

ह्यांनी तिच्याकडे बोट केलं, दुकानात आरशाकडे करायचे तसंच. "माझ्या...कडे बघ. पु...ढं बोल."

ती बघत राहिली आणि बोलली, सावकाश, सगळं. "मी इथे आले तेव्हा मला पाणी मागता येत नव्हतं. मी परत जाणार होते. देवाने मला एक माणूस दिला. माझं वाक्य संपेपर्यंत तो थांबतो. म्हणून मी राहिले." एवढंच तिचं भाषण. प्रत्येक शब्दाला ह्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मला रडू आवरेना. माझं काय, भाजीवालीही पदराने नाक पुसत होती.

बाहेर पडताना पोस्टातले साहेब हनुवटी खाजवत ह्यांच्यासमोर उभे राहिले. "मग उद्या दाढीला येऊ का?"

"या," हे म्हणाले. "पण ग...प्प बसावं लागेल. मी बो...लणार."

दीर तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि तो खाली वाकून चपला शोधायला लागला.

घरी येताना पोरीने ह्यांना विचारलं, "मी चुकीचं बोल...ले?"

"नाही," हे म्हणाले. "माझं बोल...लीस."

आता दुकान पूर्ण उघडं असतं. अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकं पूर्वीसारखी ताटकळतात, पूर्वीपेक्षा जास्तच, कारण आता एकेका शब्दाला वेळ लागतो. कोणी घाई केली तर हे वस्तरा खाली ठेवतात. मी पुन्हा कधी तोंडाला विश्रांती द्या म्हटलेलं नाही. आणि पोरगी? ती आमच्याकडेच आहे. मास्तरांनी आणि बाजाराने मिळून तिची भाषा सरळ केली. परवा तर भाजीवालीला वांगी परत घ्यायला लावली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीचा जिना चढले. काय म्हणायचं ते खालीच ठरवून ठेवलं होतं. वर गेल्यावर सगळं विसरले, मीच अडखळले. "पोरी," मी म्हटलं, "तुझी मी... आभारी आहे." आणि माझे डोळे भरून आले.

तिने कप घेतला. माझ्याकडे बघितलं, आणि मुद्दाम उजवा ओठ खाली ओढला.

"घर...च्या माण...साचे कोणी आ...भार मानतं का?"

खाली दुकानातून ह्यांचा आवाज आला, "बरो...बर बोलली!"