पिकअपचा काटा आणि सासूबाईंचे तळपाय

पिकअपचा तापमानाचा काटा मेला, त्याला सात महिने होत आले होते. इंजिन थंडगार असो की तापून फणफणलेलं, काटा आपला डाव्या कोपऱ्यात डोकं टेकून निवांत पडलेला. गाडी नळवाल्यांची, बावीस वर्षांची. निळी म्हणायची म्हणून निळी. नवरा नळ जोडायचा, बायको गाडी चालवायची आणि मागे पाइप खडखडत जायचे, असा तो संसार.

स्टिअरिंग बायकोच्या हाती, म्हणून काट्याचा घोरही तिच्याच जिवाला. इंजिन कधी गुपचूप तापून बसलं तर कळायचं कसं? पण त्याहून मोठं संकट शुक्रवारी उभं होतं. गाडीची तपासणी. गाडी दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा चौदाव्या रकान्यात: ‘इंजिनाचे तापमान दाखवणारे साधन चालू आहे काय?’ तिसऱ्यांदा नापास झाली की तिथूनच क्रेन तिला उचलून भंगारात नेणार, असं नोटिशीत स्पष्ट छापलं होतं. गाडी गेली की धंदा गेला. पाइप काही डोक्यावरून नेता येत नाहीत.

नवरा हात बांधून बसला नव्हता. त्याने फ्यूज बदलला. इंजिनात स्क्रूसारखा फिरवून बसवतात तो पितळी सेन्सर तर तीनदा बदलला.

“तिन्हीच्या तिन्ही खराब कसे निघाले हो?” बायकोने विचारलं.

“कंपन्या हल्ली मातीच विकतात. पण बसवलाय बघ कसा! थेंब गळायचा नाही.”

ते मात्र खरं. नळवाला माणूस. आट्यांना पांढरी टेप गुंडाळल्याशिवाय त्याला काही फिरवताच येत नसे. पंधरा वेढे आणि वर विश्वासाचा एक. घरातल्या बरण्यांच्या झाकणांनाही टेप होती. न्हाणीतला आट्यांचा बल्बसुद्धा त्याने टेप गुंडाळूनच बसवला होता. तो काही लागला नाही. तोही कंपनीनेच खराब दिला होता.

मेलेल्या काट्याच्या जागी सासूबाई आल्या, त्या अशाच, कुणी न ठरवता. एकदा त्यांना दवाखान्यात नेताना पाय गार पडले म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि तळपाय समोरच्या पत्र्याला लावले. पत्र्याच्या पलीकडे इंजिन. चढाच्या मध्यावर त्या म्हणाल्या, “थांब गं. उतू जाईल.” बायकोने थांबून बॉनेट उघडलं, तर रेडिएटर खदखदत होता.

त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी सातला पिशवी घेऊन गाडीत. कोमट, अंघोळीचं, साय धरेल, आधण, उतू, असं त्यांचं माप. इतक्या महिन्यांत एकदाही चुकल्या नाहीत. त्याआधी दोन वर्षं त्या खिडकीशी बसून असायच्या आणि दर जेवणाला विचारायच्या, “माझी अडचण नाही ना होत तुम्हाला?” ते विचारणं आता बंद झालं होतं.

गुरुवारी नवऱ्याने डिंकाची बाटली आणली. “काटा मधोमध चिकटवून टाकू. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना,” बायको हळूच म्हणाली. “खोट्या काट्यावर पास झालेली गाडी मला चालवता यायची नाही हो.”

बाटली परत कपाटात गेली.

शुक्रवारी तपासनीस चष्मा पुसत आला. सभ्य माणूस, पण छापील कागदाबाहेर एक पाऊल टाकणारा नव्हे. तेरा रकाने सुरळीत पार पडले.

“चौदा. तापमानाचं साधन?”

“आमची आई,” नवरा म्हणून गेला आणि त्याने जीभ चावली.

तपासनिसाने नियमपुस्तिका उघडली, बोट फिरवत वाचली. “साधन यांत्रिकच असावं असं कुठे लिहिलेलं नाही. पण ते गाडीला पक्कं बसवलेलं हवं.”

सासूबाईंनी पट्टा खटकन लावला.

“चालकाला दिसायला हवं.”

“दिसतात ना. शिवाय ऐकूही येतात,” बायको म्हणाली.

“अंधारात?”

“अंधारात जास्तच.”

इंजिन चालू केलं. सासूबाईंनी डोळे मिटले. “साय धरली. आधणाला अजून अवकाश आहे.” तपासनिसाने आपला थर्मामीटर रेडिएटरच्या नळीला लावला, मागच्या पानावर कोमट ते उतू असा दुधाचा तक्ता अंशांशी जुळवून मांडला आणि मान डोलावली.

“इंजिन बंद केल्यावर साधन आपोआप शून्यावर यायला हवं.”

बायकोने किल्ली फिरवली. सासूबाईंची मान कलली आणि त्या बारीक घोरू लागल्या. पहाटेपासून उठल्या होत्या बिचाऱ्या. तपासनिसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कौतुक दिसलं. त्याने शाईच्या पेनाने लिहिलं: ‘मुख्य साधन: सासू.’

“आता शेवटचं. साधन बिघडलं तर बदली साधन आहे?”

नवरा आपली हत्यारांची पिशवी चाचपू लागला. सासूबाई जाग्या झाल्या.

“बदली कुठून मिळणार, बाळा? आमचा माल कधीच बंद झाला.”

“मग नाइलाज आहे, आजी. पर्यायी साधन हवंच. पंधरा मिनिटं देतो.” आवाराच्या टोकाला क्रेनवाल्याने हूक खाली सोडायला घेतला.

बायकोने बॉनेट उघडलं. सेन्सरच्या डोक्यावरची वायर काढली, किल्ली अर्धी फिरवून घेतली आणि वायरचं उघडं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं.

“उठला!” सासूबाई आतून ओरडल्या. “पार उजवीकडे गेला गं, भिंतीला धडकला!”

म्हणजे काटा जिवंत होता आणि वायरही धड होती. बायकोने वायर सेन्सरवर परत लावली. काटा पुन्हा झोपला. ती वाकून पाहू लागली. पितळी सेन्सरच्या गळ्याशी पांढरी टेप मफलरसारखी डोकावत होती.

“अहो, आपल्या न्हाणीतला बल्ब का लागत नाही?”

“सांगितलं ना, कंपनी...”

“टेपमुळे. आट्यांतूनच वीज जायची असते. इथेही तेच झालंय. पितळ लोखंडाला टेकतच नाही, मग सेन्सरला अर्थिंग मिळणार कुठून?”

नवऱ्याचा चेहरा असा उतरला, जणू कुणी सांगितलं की त्याने जोडलेले सगळे नळ आज गळायला लागले. “टेप काढायची म्हणतेस?”

इंजिन तापलेलं. आत्ता सेन्सर काढला असता तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं. शिवाय त्याचा तो चेहरा. तिने त्याच्या पिशवीतून वीतभर उघडी तांब्याची तार काढली, पक्कड घेऊन एक टोक सेन्सरच्या पितळी कमरेला गुंडाळलं आणि दुसरं इंजिनच्या एका बोल्टखाली आवळलं.

“हलतोय,” सासूबाई म्हणाल्या. या खेपेला त्या ओरडल्या नाहीत. आजारातून उठलेल्या माणसासारखा काटा हळूहळू सरकत आला आणि मधोमध उभा राहिला.

“आणि बघ,” नवरा सेन्सरच्या बुडाशी बोट फिरवत म्हणाला, “थेंब नाही.”

तपासनिसाने लिहिलं: ‘पर्यायी साधन: काटा.’

“साहेब,” बायको म्हणाली, “आता काटाच मुख्य लिहा की.”

“शाईने लिहिलंय, बाई. खाडाखोड चालत नाही.” त्याने शिक्का मारला आणि त्याखाली स्वच्छ अक्षरात नेमाची ओळ लिहिली: ‘मुख्य साधनाशिवाय वाहन रस्त्यावर आणू नये.’ क्रेनवाल्याने हूक वर घेतला आणि तोंड वाकडं करून निघून गेला.

गाडी घराच्या वाटेला लागली. नवरा मागे पाइपांशेजारी बसला होता. पुढे सासूबाईंनी चपला पायांत घातल्या होत्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

“बरं झालं हो,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “उद्यापासून मी घरीच असेन. काटा आलाय आता.”

बायकोने एका हाताने तो शिक्क्याचा कागद त्यांच्यापुढे धरला. “वाचा तरी. तुम्हाला घरी ठेवून गाडी काढली तर गाडी जप्त. सातला तयार राहा, नेहमीसारखं.”

सासूबाईंनी चष्मा लावला. ती ओळ एकदा वाचली, मग बोट ठेवून परत वाचली. मग चपला काढल्या, तळपाय पत्र्याला लावले, डोळे मिटले. जरा वेळाने एक डोळा उघडून त्यांनी काट्याकडे पाहिलं.

“थोडा मागे आहे गं,” त्या म्हणाल्या. “असू दे. नवा आहे, शिकेल.”