भिंतीकडे तोंड असलेला दगड

मी दफनभूमीतला एक जुना काळा दगड आहे, मित्रांनो, आणि शेजारच्या संगमरवरी पुतळ्यावर मी जळतो. आधीच सांगून टाकतो. साळसूदपणाचा आव आणायला मला जमत नाही.

माझ्याखाली मामा झोपला आहे. सगळं गाव त्याला मामाच म्हणे. इथल्या कबरी तोच खणायचा. साथीचा ताप आला तेव्हा तो माणसं पुरत राहिला आणि शेवटी त्याच तापाने गेला. त्याचा मेहुणा पाथरवट होता. त्याने मला खाणीतून आणलं, घासलं, रडत रडत माझ्यावर अक्षरं कोरली.

तेव्हा दफनभूमीचं फाटक भिंतीच्या बाजूला होतं, म्हणून माझं तोंड तिकडे. पुढे ते फाटक बुजवलं आणि नवी वाट माझ्या पाठीमागून नेली. झालं! मी कोरा ठरलो.

त्या वाटेवर गिरणीमालकाचा पुतळा बसला. गोरापान, गुळगुळीत. त्याला साबणाने आंघोळ, माझ्या अंगावर शेवाळ! आता इथे इतिहासाची फेरी निघते. माहिती सांगणाऱ्या ताई त्याच्यापुढेच थांबतात. "साथीतही यांनी गाव सोडलं नाही," असं सांगतात. धडधडीत खोटं! पण लोक माना डोलावतात आणि पिशव्या टेकवतात माझ्या डोक्यावर.

परवा तर रखवालदार म्हणाला, "ताई, हा कोरा धोंडा उद्या उपटतो. इथे बाक टाकू."

"टाका की. लोकांना बसायला होईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जाणार आणि तो पुतळा मिरवणार!

तेवढ्यात फेरीतले एक काका बायकोची नजर चुकवून माझ्या आणि भिंतीच्या मधे सिगारेट ओढायला आले.

"अहो, कुठे गडप झालात?" काकू ओरडल्या.

"इतिहास बघतोय!"

"धूर येतोय तुमच्या इतिहासातून!"

सगळे खो खो हसले. काका मात्र वाकून नखाने शेवाळ खरवडत होते. "ताई, जरा इकडे या. इथे लिहिलंय काहीतरी."

ताई भिंतीलगतच्या फटीत अंग चोरून शिरल्या. मोठ्याने वाचू लागल्या, "साथीत गिरणीमालकासकट सगळे गाव सोडून गेले. मामा राहिला."

त्यांचा चेहरा उतरला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"मग बाकाचं काय?" रखवालदाराने विचारलं.

"चुलीत घाला तो बाक! या दगडाला हात लावायचा नाही."

मी वाचलो. जळणं मात्र थांबलेलं नाही. फोटो अजून पुतळ्याचेच निघतात. मित्रांनो, मला फुलं नकोत. पण नुसती पाठ बघून कुणाला कोरा म्हणू नका. वळसा घाला, हात मळू द्या, वाचा. दर पावसात माझी अक्षरं झिजत आहेत. मामाचं नाव शाबूत आहे तोवर या.