पुढचा माणूस

जिन्यात रांग थांबली, तसा मिलूदने झग्यासारख्या जेलाब्याचा घोळ सावरून कठडा धरला. त्याच्यापुढे कोळशाच्या खाणीतले जुने सोबती एकामागे एक, भिंतीला हात टेकून उभे होते. वळणापलीकडचं दिसत नव्हतं. खोकला तेवढा ऐकू येत होता.

सभा वरच्या मजल्यावर होती. फुप्फुसाच्या आजाराविषयी जनजागृती. दारावरच्या फलकावर विझवलेली सिगारेट रंगवली होती. कोळशाचं नाव कुठेच नव्हतं.

मागून बुटांचा आवाज आला. आधी स्थानिक अधिकारी इद्रीसी, त्यांच्या मागे राजधानी रबातहून आलेल्या संशोधन मंडळाच्या अध्यक्षा, डॉक्टर बेन्नीस.

"हाज मिलूद, सरका जरा. बाईंना वर जाऊ द्या."

"जातील की. आमच्या मागून."

"अहो, तुमच्यासाठी खाली खुर्च्या मांडल्यात, चहा ठेवलाय. वर चढायला सांगितलं कुणी?"

"चहा घरी पितो मी. आमच्याकडे पुदिना तरी ताजा असतो."

रांगेत कुणीतरी हसलं; हसण्याचा लगेच खोकला झाला. इद्रीसी कठड्याच्या बाजूने घुसू लागले. मिलूद हलला नाही.

"खाणीतून वर येताना ज्याचा दम सगळ्यात कमी, तो पुढे. त्याला ओलांडायचं नाही. मुकादम शेवटी. मुकादम मी."

"खाण बंद होऊन जमाना झाला, हाज!"

"मंडळाचंही तेच म्हणणं ना, बाई? म्हणून आज आमच्या धुळीच्या आजाराचं संशोधन बंद करताय."

डॉक्टर बेन्नीस म्हणाल्या, "खोटं बोलणार नाही. सरकार पैसे देतं ते थोडे. तुमची औषधं चालू राहतील. पण खाण बंद, नवे रोगी नाहीत. संशोधन पुढच्यांसाठी असतं."

"मग पुढचा बघून या. त्याच्या मागे थांबा, एवढंच."

म्हातारे भिंतीला चिकटले. डॉक्टर बेन्नीस एकेकाला ओलांडत वळणापर्यंत गेल्या.

सर्वांत पुढे, पायरीवर, एक विशीतला पोरगा बसला होता. फुटबॉलचा सदरा, केस नीट कापलेले, नखांत काळी धूळ.

"खालचे ते मुकादम तुझे कोण?"

"मिलूद... आजा माझा." मध्येच त्याने तोंड उघडं ठेवून श्वास गोळा केला. "खाण बंद झाली. मग आम्ही... टेकडीवर बिळं खणतो. कोळसा तोच."

"मॅडम, त्याला बाजूला करा ना!" इद्रीसी खालून ओरडले. वर ध्वनिक्षेपकावरून अध्यक्षांच्या नावाचा पुकारा झाला. मग दुसऱ्यांदा.

डॉक्टर बेन्नीस एक पायरी खाली उतरल्या आणि त्याच्या मागे उभ्या राहिल्या.

पोरगा गुडघ्यांवर हात रोवून उठला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

"आहे," तो म्हणाला, आणि त्याने पुढच्या पायरीवर पाऊल ठेवलं.