खोटा पाऊस पाडणारं तस्त

मी एक जुनं तस्त आहे, मित्रांनो, आणि पुढे काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो: मी घमेलं नाही. मला कुणी घमेलं म्हटलं की माझा उरलासुरला मुलामाही उडायला लागतो. घमेल्यात चिखल कालवतात. माझ्यात पाहुण्यांचे हात धुतले जात. फरक आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. कुठल्या, ते विचारू नका. इतकं लहानपणीचं कुणाला आठवतं? एवढं आठवतं, की अंग पांढरंशुभ्र होतं, काठाला निळी रेघ होती आणि बुंगोमाच्या बाजारात मला सगळ्या भांड्यांच्या वर मांडलं होतं. नाबालायो नावाच्या नवऱ्या मुलीला तिच्या मावशीनं मला लग्नात दिलं. तीच आता इथली कुखू, म्हणजे आजी. तिचा नवरा कुंडू, त्यांना सगळे कुका म्हणतात. कुका म्हणजे आजोबा, हे तुम्ही ओळखलंच असेल.

काय दिवस होते ते! उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वाढण्याआधी कुखू एका हातात पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या हातात मला घेऊन पाहुण्यांपुढे गुडघे टेकायची. गावच्या मुखियानं माझ्यात हात धुतले. पाद्रीबाबांनी धुतले. एकदा एक कापडवाला जेवायला आला, त्याच्या हातांचा निळा रंग दोन दिवस माझ्या अंगावर राहिला आणि मी तो मिरवला. "तस्त असावं तर असं!" असं बायका म्हणायच्या. मी फुगायचो. तस्तानं फुगू नये, पण मी फुगायचो.

मग एके दिवशी कुका माझ्यावर बसले.

मुद्दाम नाही हो. मला अंगणात उपडं वाळत घातलं होतं, त्यांना वाटलं स्टूल आहे. माझ्या बुडाला पोचा आला, मुलाम्याचे टवके उडाले आणि एक बारीकसं भोक पडलं. त्याच महिन्यात त्यांच्या मुलानं किटालेहून लाल प्लास्टिकचं नवं तस्त आणलं. प्लास्टिक! मला धान्याच्या कणगीमागे टाकून दिलं. तिथे एका कोंबडीनं माझा ताबा घेतला. तिनं माझ्यात अकरा पिल्लं उबवली. ती मोठी होऊन हिंडायला लागली, तरी बाई माझ्यातून उठायचं नाव घेईना. कुठे मुखियाचे हात आणि कुठे हिचं बूड! पण सांगतो कुणाला?

असो. गोष्ट माझी असली तरी खरी ती मुलोंगोची आहे.

कुका-कुखूच्या घरात जुळी नातवंडं होती. आमच्याकडे जुळ्यांची नावं शोधत बसावं लागत नाही, ती ठरलेली असतात. आधी आला तो मुख्वाना आणि त्याच्या पाठोपाठ आली ती मुलोंगो. आईबाप किटालेला कामाला होते, म्हणून दोघं इथेच वाढत होती. एकाच थाळीत जेवायची, एकाच चटईवर झोपायची, आणि मार खायची वेळ आली की एकमेकांकडे बोट दाखवायची.

मग शाळेचा दिवस आला. आता जन्मतारीख लिहून कुणी ठेवली आहे? म्हणून माकोखा मास्तरांची जुनी रीत होती. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली तर शाळेत, नाही लागली तर घरी. बरं झालं मला कान नाहीत, नाहीतर मलाही उभं केलं असतं.

मुख्वानाची बोटं लागली. मुलोंगोची राहिली. किती राहिली? मक्याचा एक दाणा मावेल एवढी.

"मान वाकडी करायची नाही," मास्तर म्हणाले.

"त्याचा कान मोठा आहे!" मुलोंगो किंचाळली. "माझा हात लहान नाहीये, त्याचा कानच मोठा आहे!"

हे खरं होतं. मुख्वानाचे कान असे बाहेर आलेले होते, की हाताला फारसं चालावंच लागलं नाही. कुखूही भांडली. "अहो मास्तर, दोघं एकाच दिवशी जन्मलीत. मी स्वतः तिथे होते!"

"कुखू, मीही इथेच आहे. हात पोचत नाही. पोरी, पुढच्या वर्षी ये."

त्या दिवसापासून घराची रया गेली. पहिले दोन दिवस मुलोंगोनं हात वाढवण्याचे उद्योग केले. पेरूच्या फांदीला लोंबकळली. कुकांना हात ओढायला लावला. कुकांनी ओढला, आणि त्यांचीच कंबर धरली. मुख्वानानं शाळेतून आल्यावर तिचा कान ओढून पाहिला, म्हणजे तो तरी जवळ येईल. सकाळ-संध्याकाळ ती हात डोक्यावरून न्यायची आणि मक्याचा दाणा मधे धरून बघायची. दाणा दर वेळी बरोबर बसायचा.

तिसऱ्या दिवशी तिनं सगळं सोडलं आणि कणगीमागे माझ्याशेजारी येऊन बसली. बोलणं बंद. हसणं बंद. जेवण म्हणाल तर दोन घास. कुखूनं अंडं उकडून दिलं, ते कोंबडीसमोर तसंच पडून राहिलं, आणि कोंबडीला काय वाटलं असेल देव जाणे. कुकांनी बोकडाची नक्कल केली. ऊस सोलून दिला. "सगळ्यांत हुशार पोर घरी ठेवतात, माहितीये?" असंही सांगून पाहिलं. पोर ढिम्म. पाच वर्षांचं लेकरू चार दिवस असं बसलेलं बघवत नव्हतं मला. कुखू चुलीपाशी डोळे पुसायची आणि धुराला शिव्या द्यायची. चूल तेव्हा पेटलेलीसुद्धा नसायची.

तिच्या अशा बसण्याच्या पाचव्या दिवशी दुपारी कुखू घरामागच्या वारुळापाशी गेली. दोन दिवसांपूर्वी सर येऊन गेली होती, माती ओली होती, ऊन लखलखीत होतं. पंखवाल्या वाळव्या, आमच्याकडे भाजून खातात त्या, आत तयार बसलेल्या असणार. त्यांना वाटायला हवं की पाऊस पडतोय, मगच त्या बाहेर येतात. मग काय, पाऊस पाडायचा! कुखूनं वारुळाच्या तोंडाशी छोटा खड्डा खणला, वर केळीची पानं आडवी टाकली, आणि ते लाल प्लास्टिक उपडं ठेवून त्यावर काडीनं वाजवायला सुरुवात केली.

भद्. भद्. भद्.

एक वाळवी आली नाही. एक मुंगीसुद्धा आली नाही. मी मनातल्या मनात हसलो, खोटं कशाला बोलू!

कुखू उठली, कणगीमागे आली, कोंबडीला हुसकावलं आणि मला उचललं. मुलोंगोकडे तिनं पाहिलंही नाही. हवेत बघून म्हणाली, "मला वाजवायला एक माणूस हवंय. पण न बोलणारं हवं. एक शब्द तोंडातून गेला की वाळव्या परत आत. तुझ्या कुकांना घेतलं असतं, पण ते झोपेतसुद्धा बोलतात."

ती निघाली. थोड्या वेळानं मागून छोटी पावलं वाजली.

मला वारुळावर उपडं ठेवलं. मुलोंगोच्या हातात दोन काड्या दिल्या. आणि मित्रांनो, तिनं मला असं बडवलं म्हणता! माकोखा मास्तर, मुख्वानाचे कान, तो मक्याचा दाणा, सगळं माझ्या पाठीवर निघालं. टवके उडाले.

"ही गारपीट झाली," कुखू कुजबुजली. "गारपिटीत घराबाहेर पडायला त्या काय वेड्या आहेत? हळू. पानावर पडतं ना, तसं."

मुलोंगोचा हात हळू झाला. टप टप, टपटप, टप. माझ्या पोच्यातून, माझ्या भोकातून असा काही आवाज निघाला, की मलाच क्षणभर वाटलं, भिजतोय आपण. धड असतो तर हे जमलं नसतं. तिचे मिटलेले ओठ जरा सैल झाले. जीभ बाहेर आली, कामात असलेल्या मुलांची येते तशी. आणि मग मला माझ्याखाली, मातीच्या आत, सळसळ ऐकू आली.

आधी दोन आल्या. मग दहा. मग पानांखालून नुसता लोट! उन्हात पंख चमकत होते. काही खड्ड्यात पडल्या, काही उडाल्या, एक नेमकी मुलोंगोच्या नाकावर बसली. तिनं डोळे तिरळे करून तिच्याकडे पाहिलं, पण हात थांबवला नाही. ती कोंबडी सगळ्या खानदानाला घेऊन चाल करून आली, आणि कुखू एका हातानं वाळव्या गोळा करत दुसऱ्या हातानं कोंबड्या उडवायला लागली. तेही अगदी मुकाट्यानं, कारण अट तिनंच घातली होती.

तेवढ्यात घरात झोपलेल्या कुकांच्या कानावर माझा आवाज गेला.

"पाऊस! अगं ए नाबालायो! पाऊस आला! मका भिजला!"

कुका लुंगी सावरत बाहेर धावले. अंगणात वाळत घातलेला मका त्यांनी चटईसकट गुंडाळला, अर्धा सांडला, चटई डोक्यावर घेतली आणि ओरडत घरामागे आले. "कुठे मेलात सगळे? मका कोण उचलणार?" रणरणत्या उन्हात, डोक्यावर चटई, दाढीत मक्याचे दाणे. आम्हांला पाहून थबकले. आभाळाकडे पाहिलं. पावसाचा अंदाज घ्यायला तळहात पुढे केला. तळहातावर एक वाळवी येऊन बसली.

"हा घ्या पहिला थेंब," कुखू म्हणाली. "मीठ लावून खा."

आणि मुलोंगो हसली. साधंसुधं नाही, पोट धरून, लोळून, उचकी लागेपर्यंत हसली. चार दिवसांनी तिच्या तोंडून पहिले शब्द निघाले, ते असे: "कुका, तुम्हीपण वाळवीच! फसलात! तुम्हीपण बाहेर आलात!"

बोलणं झालं तरी वाळव्या काही आत गेल्या नाहीत. कुखूला ते आधीच ठाऊक होतं, असा मला दाट संशय आहे.

त्या संध्याकाळी भाजलेल्या वाळव्यांबरोबर मुलोंगोनं दोनदा उगाली मागून घेतली. मुख्वाना शाळेतून आला, सगळी हकीकत ऐकली आणि त्यानं भोकाड पसरलं. "मी उद्यापासून शाळेत जाणार नाही! मला वाजवायचंय!"

मुलोंगोनं त्याच्या हाताकडे नीट निरखून पाहिलं. "हात लहान आहे तुझा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी ये." मग तिला दया आली आणि तिनं आपल्या वाट्याच्या मूठभर वाळव्या त्याच्या थाळीत टाकल्या. त्या रात्री तिनं कान मोजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मक्याचा दाणा कुठे गेला कोण जाणे, कोंबडीनं खाल्ला असेल.

मी आता स्वयंपाकघरात खिळ्यावर टांगलेला असतो. लाल प्लास्टिकला तडा गेला. मी काही बोलत नाही. माझी विनंती एवढीच आहे, मित्रांनो: भांड्याला भोक पडलं म्हणून ते लगेच टाकू नका. आणि घरातलं पोर रुसलं तर त्याला समजावत बसू नका, त्याचा हात तर मुळीच ओढू नका. हातात दोन काड्या द्या, उन्हात नेऊन बसवा आणि थोडा वेळ गप्प राहा. कठीण आहे, कुकांना अजून जमलेलं नाही.

एक शेवटचं सांगतो. पुढे बऱ्याच महिन्यांनी आम्ही पुन्हा वारुळावर होतो. मुलोंगो वाजवत होती, वाळव्या उडत होत्या. एक तिच्या डाव्या कानावर बसली. डावा हात वाजवण्यात गुंतलेला. तिनं काय करावं? उजव्या हातातली काडी खाली ठेवली, हात सरळ डोक्यावरून नेला, कानावरची वाळवी चिमटीत पकडली, तोंडात टाकली आणि पुन्हा वाजवायला लागली.

तिच्या काहीच लक्षात आलं नाही. कुखूच्या आलं. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी शिव्या द्यायला तिथे चूलही नव्हती. पण ती बोलली नाही. मीही बोललो नाही. वाळव्या येत होत्या, आणि वाजवताना बोलायचं नाही अशी आमच्याकडे अट आहे.