व्याहीबुवांच्या हयातीचा दाखला

दूतसाहेबांना दूतपद मिळालं ते कॉफीच्या एका डागामुळे.

तोवर सगळे त्यांना लाँड्रीवाले म्हणूनच ओळखत. परक्या मुलखात येऊन त्यांनी बाजारामागच्या गल्लीत कपडे धुण्याचं दुकान टाकलं होतं आणि नवराबायकोनं मिळून ते नेटानं चालवलं होतं. गावात आपल्या देशातून आलेले गवंडी, नर्सा, ड्रायव्हर असे बरेच होते. त्यांचे कपडे आणि त्यांची गाऱ्हाणी, दोन्ही त्याच दुकानात येऊन पडत. एकदा देशाचे राजदूत राजधानीहून गावात आले. नगराध्यक्षांकडे सत्काराला निघायचं आणि नेमका त्यांच्या पांढऱ्या कोटावर कुणीतरी कॉफीचा अख्खा कप उपडा केला. धावाधाव झाली. कोट लाँड्रीत आला, त्यामागून राजदूतही आले आणि बनियनवर, मळक्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये, एका स्टुलावर बसून राहिले. लाँड्रीवाल्यांनी डागाला आधी गार पाणी दाखवलं, मग साबणाचा फेस, मग वाफ, मग इस्त्री. राजदूतांनी कोट उजेडात धरून उलटापालटा करून बघितला. डाग कुठे होता हे त्यांनाच सांगता येईना.

पण बनियनवर बसल्या बसल्या त्यांनी आणखी एक गोष्ट बघितली होती. तेवढ्या वेळात एक बाई हरवलेल्या पासपोर्टचं विचारून गेली, एक जण पोराच्या शाळेचं विचारून गेला, आणि लाँड्रीवाल्यांनी कोटावरची नजर न हलवता दोघांचीही कामं मार्गी लावली होती. पुढे वकिलातीतून नेमणुकीचा कागद आला. मानद वाणिज्यदूत!

"मानद म्हणजे काय हो?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे मान देतात."

"आणि पगार?"

"मान देतात म्हटलं ना!"

"म्हणजे फुकट," असं म्हणून ती चादरी पिळायला आत गेली.

दुकानाच्या पाटीखाली एक पितळी पाटी लागली. मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल आलं, त्यावर शिक्का आला. खोलीभर शर्ट टांगलेले असत, त्यामुळे आलेल्या माणसाला दोन बाह्या बाजूला सारून दूतसाहेबांशी बोलावं लागे. झेंडाही मिळाला होता. तो त्यांनी स्वतः धुतला, आणि जीव लावून त्याला इतकी कडक खळ घातली की कितीही वारा सुटला तरी तो फडकत नसे, पत्र्यासारखा उभा राही. कुणी पासपोर्ट घ्यायला येई आणि हातात शर्टही घेऊन जाई. कुणी पँट धुवायला देई आणि खिशातला पासपोर्टही धुऊन निघे. एक बाई तर म्हणाली होती, "दूतसाहेब, ह्यांचा व्हिसा संपला असं सांगा आणि एक महिनाभर तिकडे पाठवून द्या. मला जरा विसावा मिळेल."

हे सगळं त्यांनी हसतखेळत निभावलं. अडले ते एकाच माणसापाशी, आणि तो माणूस घरचाच निघाला. त्यांचे व्याही.

व्याहीबुवा देशात हेडमास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते बायकोला घेऊन इकडे मुलाकडे राहायला आले. त्या मुलाशी दूतसाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. इथवर सगळं गोडीगुलाबीत होतं. लग्नाच्या आधी हेडमास्तरांनी आपला बंद गळ्याचा लोकरी कोट व्याह्यांच्याच लाँड्रीत टाकला. लग्नाच्या दिवशी तो अंगात चढवला तर बाह्या कोपराकडे निघाल्या आणि गुंड्या एकमेकींपर्यंत पोचेनात. लग्नाच्या एकूण एक फोटोत हेडमास्तर श्वास रोखून उभे आहेत.

"कोट आटवलात तुम्ही," ते मांडवातच म्हणाले.

"कोट होता तेवढाच आहे," लाँड्रीवाले बोलून गेले. "आतला ऐवज वाढलाय."

झालं. तेव्हापासून दोघांत अबोला. नातीच्या वाढदिवसालाही एक जण बाहेरच्या खोलीत बसे तर दुसरा स्वयंपाकघरात.

तर ह्या हेडमास्तरांना देशातून पेन्शन येई. त्यासाठी दरसाल आपण जिवंत असल्याचा दाखला पाठवावा लागे. मुलाबरोबर राजधानीत जाऊन ते वकिलातीतून तो आणत. त्या वर्षी मात्र नियम बदलला. ज्या गावात मानद वाणिज्यदूत आहे, तिथल्या पेन्शनरांनी त्याच्यासमोरच हजर व्हायचं.

हेडमास्तरांनी नियम वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "म्हणजे मी जिवंत आहे की नाही, हे आता तो धोबी ठरवणार?"

मुलगी माहेरी धावत आली. "बाबा, द्या ना एक सही करून. रोज बघते मी त्यांना. दोन्ही वेळा जेवतात, वर मिठाला नावं ठेवतात."

"तू बघतेस. इथे लिहिलंय, 'मी समक्ष पाहिले.' मी कुठे पाहिलंय?"

"परवा वाढदिवसाला एका घरात होतात दोघं!"

"ते पाठ करून बसले होते. पाठीवरून माणूस जिवंत आहे का ते कळत नाही."

"मग ते काय म्हणतात ते सांगू? 'जिथे माझा कोट गेला, त्या दुकानात मी जिवंतपणी पाऊल ठेवणार नाही.'"

"मग कठीण आहे," दूतसाहेब गंभीरपणे म्हणाले. "जिवंतपणीच यायला हवं. मेल्यावर आले तर माझ्या सहीचा उपयोग नाही."

मुलगी दार आपटून निघून गेली. दूतसाहेबांनाही आतून वाईट वाटलं, पण आता माघार कशी घ्यायची? आपण नियमानं वागतोय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. इस्त्रीवर बोट भाजलं तेव्हा मात्र त्यांचं लक्ष इस्त्रीवर नव्हतं, हे बायकोनं बघितलं.

मुदत टळली. पेन्शन थांबली. आणि काही दिवसांनी देशातल्या पेन्शन कचेरीचं पत्र हेडमास्तरांच्या पत्नीच्या नावानं आलं. आपल्या पतीच्या दुःखद निधनाची ह्या कार्यालयानं नोंद घेतली आहे, आपण कुटुंब-पेन्शनसाठी अर्ज करावा. हेडमास्तरांनी पत्र हाती घेतलं, लाल पेन्सिलीनं त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मेलोय तो मी.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई ठेवणीतले कपडे घालून लाँड्रीत आल्या. बाह्या बाजूला सारून त्या थेट टेबलापुढे बसल्या.

"दूतसाहेब," त्या म्हणाल्या. एरवी त्या अशी हाक मारत नसत. "कुटुंब-पेन्शनचा अर्ज करायचाय. मृत्यूच्या कागदावर तुमची सही लागते म्हणे."

"विहीणबाई! अहो, भलतंच काय बोलता!"

"तुम्ही त्यांना जिवंत बघितलंय का?"

"नाही, पण..."

"मग करा सही."

"मेलेलंही बघितलं नाही ना!"

"म्हणजे तुमच्या लेखी ते मधेच लोंबकळताहेत. अशा माणसाबरोबर मी संसार कसा करायचा, तेही सांगा. त्यांना जेवायला वाढू की त्यांच्या फोटोला हार घालू?"

दूतसाहेबांना घाम फुटला. इस्त्री शेजारी होतीच, पण हा घाम तिचा नव्हता. त्यांनी मदतीसाठी बायकोकडे बघितलं, तर ती शांतपणे चहाचं आधण ठेवत होती, आणि कप काढले होते चार. तेव्हा त्यांना जरा शंका आली.

विहीणबाईंनी आवाज खाली आणला. "घरी सांगून आलेय, अर्ज द्यायला जाते म्हणून. अर्धी पेन्शन मला एकटीला भरपूर झाली, असंही म्हटलं. मी निघाले तेव्हा ते मोजे शोधत होते."

त्यांचं बोलणं पुरं होतंय तोच बाहेर आवाज झाला. "कोण म्हणतं मी मेलो?"

दारात हेडमास्तर! धापा टाकत होते, एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. दोन्ही पाय दुकानात होते. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं बाजूला सरली.

दूतसाहेब अर्धवट उठले. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नंबरानं या. बाकावर बसा."

सगळा जन्म पोरांना रांगेत बसवण्यात गेलेला माणूस! हेडमास्तर मुकाट्यानं बाकावर बसले.

त्यांच्या पुढे एक गवंडी होता. त्याचा भाऊ कामावर उंचावरून पडून गेला होता. इस्पितळात, पोलिसांत, विमान कंपनीत, सगळीकडे फोन करून दूतसाहेबांनी त्याचं शव देशात न्यायची व्यवस्था लावली होती. गवंड्यानं पिशवीतून एक निळा शर्ट काढला.

"ह्यातच पाठवायचं होतं त्याला," तो म्हणाला. "त्याला फार आवडायचा. पण सिमेंट निघत नाहीये."

दूतसाहेबांनी शर्ट कुणा कामगाराकडे दिला नाही. स्वतः मोरीशी बसले. वाळलेलं सिमेंट नखानं अलगद खरवडलं, कॉलर भिजवली, ब्रश फिरवला, पुन्हा भिजवली. मग इस्त्री फिरली, आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. त्यांनी गुंड्या एकेक करून लावल्या, घडी घातली आणि कागदात गुंडाळून गवंड्याच्या हातात दिली. गवंड्यानं खिशात हात घातला तर त्यांनी त्याचा हातच धरून ठेवला. मग कागदांवर शिक्के मारले आणि त्याला दारापर्यंत सोडून आले.

हेडमास्तर हे सगळं बाकावरून बघत होते. त्यांची धाप बसली होती.

"पुढचे," दूतसाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "नाव?"

"नाव विचारता? मुलगी दिलीत की माझ्या घरात!"

"कागदावर विचारलंय. उभे राहा. इकडे बघा."

हेडमास्तरांनी मान वर केली. कितीतरी वर्षांत दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे असं बघितलं नव्हतं. दूतसाहेबांच्या डोळ्यांपुढे लग्नातला तो गुबगुबीत माणूस होता. हा समोर उभा होता त्याची गालफडं बसली होती, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

"वाळलात हो," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"गुडघा धड नाही. चालणं होत नाही."

"मग निरोप पाठवायचा. मी घरी आलो असतो."

"नियमात बसतं ते?"

"'समक्ष' म्हटलंय. कुठे, ते नाही म्हटलेलं."

"मग आला का नाहीत?" हेडमास्तरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

दूतसाहेबांनी टेबलावरचा शिक्का उगाच सरळ केला. "तुम्ही बोलावलं नाहीत," शेवटी ते पुटपुटले.

"खरंच मेलो असतो तर? तेव्हाही बोलावण्याची वाट बघितली असतीत?"

"छे छे, तेव्हा आलोच असतो!"

हे बोलून गेल्यावर काय बोललो ते दूतसाहेबांना कळलं. हेडमास्तरांच्या मिशा हलल्या. ते चिडलेत की काय म्हणून विहीणबाई उठू लागल्या, पण ते हसत होते. हसता हसता ठसका लागला, तेव्हा दूतसाहेबांनीच उठून पाणी दिलं.

मग शिक्क्यावर फुंकर घालून दूतसाहेबांनी ठसठशीत शिक्का मारला. हेडमास्तरांनी दाखला हातात घेतला, डोळ्याजवळ धरला आणि कपाळाला आठी घातली. "'प्रमाणीत' नव्हे. 'प्रमाणित'. णि ऱ्हस्व."

"वकिलातीतून छापून आलंय."

"मग वकिलात अशिक्षित आहे."

चहा गार होईस्तोवर तो वाद चालला.

प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. पेन्शन कचेरीनं कळवलं की, सदर गृहस्थ आमच्या नोंदीप्रमाणे मृत असल्यानं त्यांच्या हयातीचा दाखला स्वीकारता येत नाही. आता मात्र दोघेही पेटले. दूतसाहेब मजकूर सांगत, हेडमास्तर तो शुद्ध भाषेत लिहीत, आणि एका पत्रासाठी अख्खी दुपार भांडत. बऱ्याच पत्रांनंतर कचेरीनं हेडमास्तरांना जिवंत केलं. पण तोवर त्यांना लाँड्रीतल्या बाकाची सवय झाली होती. येईल त्याचा अर्ज ते आधी तपासत. लोक कुरकुरत, "दूतसाहेबांची सही मिळते पटकन, मास्तर पास करत नाहीत." कोट आटला की माणूस वाढला, हा वाद काही निकालात निघाला नाही, पण आता तो समोरासमोर होई.

अशी बरीच वर्षं गेली. गावात आपली माणसं वाढली, तेव्हा सरकारनं तिथे स्वतंत्र कचेरी उघडली. काचेची दारं, टोकन देणारं यंत्र आणि एक तरुण अधिकारीबाई. दूतसाहेबांचा सत्कार झाला, चांगली भाषणं झाली, शिक्का आणि झेंडा परत गेले. झेंड्याची घडी घालायला वकिलातीच्या माणसाला फार कष्ट पडले. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत दूतसाहेब उगाच टेबल पुसत राहिले. बायकोनंही त्या टेबलावर कपड्यांचा गठ्ठा काही ठेवला नाही.

दाखल्याचे दिवस आले तसे हेडमास्तर मुलाचा हात धरून नव्या कचेरीत गेले आणि परत आले ते थेट लाँड्रीत. फणफणत होते.

"काय झालं? दिला नाही दाखला?"

"दिला! आत गेलो, कागद पुढे केला, बाईनं सही ठोकली. मान वर करून बघितलंसुद्धा नाही! अहो, मी मेलेला असतो तरी मिळाला असता!"

"शुद्धलेखन?"

"ते बरोबर आहे," हेडमास्तर नाइलाजानं म्हणाले. मग ते उजेडात येऊन ताठ उभे राहिले. "तुम्ही बघा बरं नीट."

दूतसाहेबांनी चष्मा लावला. त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मागे जाऊन पाठही बघितली.

"आहात," ते म्हणाले. "जरा जास्तच आहात."

"दोघंही असाल," आतून बायकोचा आवाज आला, "तर इकडे या. हॉटेलच्या चादरी पडल्यात घड्यांवाचून."

दोघे आत गेले. एकानं चादरीची दोन टोकं धरली, दुसऱ्यानं दोन, आणि घडी आधी उभी घालायची की आडवी, ह्यावरून त्यांचं सुरू झालं.